पुठ्ठा

गळती हाताने शोधू नका. पुठ्ठा धरा.

एवढंच.
हे वाक्य आमच्याकडे एकदाच लिहिलेलं आहे,
एका फाइलमध्ये, जिचं नाव नुसता आकडा आहे,
आणि ते एकसष्ट पुस्तिकांत छापलं जातं :
झाडं तोडणाऱ्या यंत्राच्या, ओंडके वाहणाऱ्या गाडीच्या,
घरामागे सरपण फोडायच्या छोट्या यंत्राच्यासुद्धा.
नक्कल नाही. प्रत्येक पुस्तिकेत फक्त एक बोट,
त्या फाइलकडे दाखवणारं.

आउने ह्युट्टिनेननं पहिल्याच आठवड्यात सांगितलं :
"वर म्हटल्याप्रमाणे" लिहायचं नाही.
तुला काय ठाऊक, त्या पुस्तिकेत वर काय असेल?
"खालील आकृती" नाही. "मागच्या प्रकरणात" नाही.
"जुलैच्या उन्हात" तर नाहीच, चिलीत जुलैत बर्फ पडतं.
यंत्राचं नाव नको. माणसाचं अजिबात नको.
वाक्य कुठेही उतरवलं तरी
त्याला आपल्या पायांवर उभं राहता आलं पाहिजे.
मग ती चष्मा पुसायची
आणि माझी निम्मी विशेषणं खोडायची.

मी तेव्हा तेवीस वर्षांची.
योएन्सूच्या त्या खोलीत खिडकीखाली नदी गोठलेली,
आणि मी रोज स्वतःला वाक्यांतून काढून टाकत बसलेली.

लहानपणी आमच्याच घरी विरजण असायचं,
जिन्यावरची सगळी घरं चमचा चमचा घेऊन जायची.
तिसऱ्या मजल्यावर दही आंबट लागायचं, आमच्याकडे तार सुटायची,
पण आईचं विरजण एकदा बिघडलं,
तर आठवडाभर अख्ख्या जिन्याचं तोंड वाकडं.
हे मला कळलं ते एका नोव्हेंबरात,
दाबाच्या आकड्यात मी एक शून्य जास्त टाकलं तेव्हा.
एका रात्रीत, चौदा भाषांत.
सकाळी आउने काही बोलली नाही.
शून्य खोडलं, खुर्ची माझ्याकडे सरकवली.

ती निवृत्त झाली त्याला सहा वर्षं झाली.

मार्चमध्ये लॅटव्हियातून एक फोटो आला :
पुस्तिकेचं पान, तेलानं पारदर्शक झालेलं,
समासात पेन्सिलीनं कुणीतरी विचारलेलं,
पुठ्ठा भिजला तर?
मी बाहेर पाहिलं. आमच्याकडेही चिखल आणि पाऊस.
खरंच की. भिजलेला पुठ्ठा म्हणजे लगदा.
आणि तेलाची ती धार, केसाहून बारीक,
लगद्याला काय जुमानते.

फाइल उघडली. तिच्यात एक रकाना असतो,
लिहिणाऱ्यांसाठी, कुठल्याच पुस्तिकेत न उमटणारा.
इतकी वर्षं मी तो उघडला नव्हता.
आत आउनेची एक ओळ होती :
ताइस्तो. चाचणीची शेड, १९८७. उजवा हात.

फोन केला. पलीकडे रेडिओ चालू होता.
हो, म्हणाली. पहिल्या मसुद्यात त्याचं नाव होतं,
मीच काढलं.
आधी त्याला दुखलंच नाही, नुसता ठिपका.
कॉफी प्याला, आम्हाला विनोद सांगितला.
संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला.
दोन बोटं गेली.
मग म्हणाली, चुलीवर काहीतरी आहे, आणि फोन ठेवला.

मी लिहिलं :
गळती हाताने शोधू नका. पुठ्ठा धरा, ओलं असेल तर फळी.
अनुवादकांना पाठवलं. तेरा जणांनी होकार दिला,
एकानं विचारलं, फळी किती जाड?
त्याचं बरोबर होतं. अभियंत्याकडे जावं लागलं.

गुरुवारी एकसष्ट पुस्तिका बदलल्या.
छापलेल्या मात्र तशाच,
केबिनमध्ये सीटखाली, तेल पीत पडलेल्या.
तिथवर माझं बोट पोचत नाही.
पोचते ती फक्त कुणाची तरी पेन्सिल.

न उमटणाऱ्या रकान्यात आउनेच्या ओळीखाली लिहिलं :
गुंटिस, वाल्मिएरा. पाऊस.

आणि बासष्टावी पुस्तिका उघडली, नव्या यंत्राची.
तिला अजून मुखपृष्ठ नव्हतं, नावही नव्हतं.
फक्त ते वाक्य आधीच येऊन बसलं होतं.